फ्लिंटचे पाणी आणि ७ विरुद्ध १ चा ठराव

अमेरिकेतल्या फ्लिंट शहरात २०१४ मध्ये नळाला नदीचे पाणी आले आणि त्यात विषारी शिसे उतरले. त्या पाण्याचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानावर येते : ‘नदीचे पाणी घ्यायचे हे तर नगरसेवकांनीच ७ विरुद्ध १ मतांनी ठरवले होते.’ हे खरे नाही. ते का खरे नाही, हे कळायला थोडे मागे जावे लागते.

मिशिगन राज्यातले हे शहर आधी लाकडाच्या धंद्यावर, मग घोडागाड्यांवर आणि शेवटी मोटारींवर वाढले. जनरल मोटर्स या बलाढ्य मोटार कंपनीचा जन्म १९०८ साली इथलाच. ३० डिसेंबर १९३६ ला तिचे कामगार कारखान्यातच ठाण मांडून बसले, ते ४४ दिवस हलले नाहीत, आणि कंपनीला युनियन मान्य करावी लागली. घरविक्रीत वर्णभेद करायला बंदी घालणारा नियम १९६८ साली इथल्या मतदारांनी स्वतः मतदान करून टिकवला. थोडक्यात, आपल्या मताचे मोल ठाऊक असलेले हे गाव. १९६० साली लोकसंख्या १ लाख ९७ हजारांच्या घरात होती. पुढे कारखाने बंद होत गेले, लोक निघून गेले, २०२० च्या जनगणनेत ८१ हजार उरले. करदाते घटले, पण जमिनीखालचे नळ तेवढेच राहिले.

तिजोरी रिकामी झाली आणि २०११ च्या अखेरीस राज्याने शहरावर ‘आणीबाणी व्यवस्थापक’ नेमला. या पदाला मराठीत सरळ ‘प्रशासक’ म्हटले जाते, आणि तिथेच घोळ होतो. आपल्याकडे प्रशासक येतो तेव्हा सहसा निवडून आलेले सभागृह अस्तित्वात नसते. फ्लिंटमध्ये महापौरही होते, नगरसेवकही होते, सभाही भरत होत्या. पण अखेरचा शब्द राज्याने पाठवलेल्या एका माणसाचा. एप्रिल २०१५ पर्यंत चार जणांनी आळीपाळीने ही खुर्ची सांभाळली. ज्या कायद्याने हे अधिकार दिले, तो राज्यातल्या मतदारांनी नोव्हेंबर २०१२ मध्ये रद्द केला होता. डिसेंबरात विधिमंडळाने तसाच दुसरा आणला, आणि त्यात खर्चाची तरतूद घातली, कारण तशा कायद्यावर तिथे सार्वमत घेता येत नाही.

आता तो ठराव. १९६७ पासून फ्लिंट डेट्रॉइटकडून ह्युरॉन सरोवराचे पाणी विकत घेत होते. मार्च २०१३ मध्ये नगरसेवकांनी ७ विरुद्ध १ ने कौल दिला तो त्याच सरोवरातून येणाऱ्या नव्या पाइपलाइनला. नदीला नव्हे. पुढच्याच महिन्यात डेट्रॉइटने वर्षभराची मुदत देऊन करार संपवल्याची नोटीस धाडली. नवी पाइपलाइन तर अजून बांधायची होती. मधल्या काळात फ्लिंट नदीचे पाणी शुद्ध करून वापरण्याच्या तयारीला जून २०१३ मध्ये मंजुरी मिळाली, ती प्रशासकाच्या सहीने. नगरसेवकांचे मत त्यावर घेतलेच गेले नाही.

२५ एप्रिल २०१४ ला जलशुद्धीकरण केंद्रात महापौरांनी बटण दाबले, डेट्रॉइटचा व्हॉल्व्ह बंद झाला, जमलेल्यांनी नदीच्या पाण्याचे ग्लास उंचावले. त्या पाण्यात क्लोराइड जास्त होते, आणि नळ गंजू नयेत म्हणून जे फॉस्फेट घालतात ते घातले जात नव्हते. जुन्या नळांच्या आतला थर सुटू लागला आणि शिसे पाण्यात उतरले. ऑक्टोबरात मोटार कंपनीने आपल्या इंजिन कारखान्यात हे पाणी बंद केले, कारण सुटे भाग गंजत होते. कंपनीला दुसरे पाणी मिळाले. घराघरांत मात्र तेच पाणी येत राहिले. फेब्रुवारी २०१५ मध्ये एका घरात शिसे निघाले अब्जात १०४ भाग. सरकारी नियमाने कारवाई करायची मर्यादा तेव्हा १५ होती.

मार्च २०१५ मध्ये नगरसेवकांनी पुन्हा ७ विरुद्ध १ ने मत दिले : डेट्रॉइटकडे परत चला. हा ठराव सहसा कुणी सांगत नाही. तेव्हाच्या प्रशासकाने तो मानला नाही, खर्चाचे कारण दिले. परत जायला १६ ऑक्टोबर उजाडला. तोवर पाण्यातल्या जिवाणूंमुळे होणाऱ्या लीजनेअर्स या न्यूमोनियासारख्या आजाराने किमान १२ जण दगावले होते. नगरसेवक निर्दोष होते असे माझे म्हणणे नाही. पण ज्यांच्या हाती अधिकार नव्हता त्यांच्या नावावर नदीचा निर्णय लिहिणे हा त्या गावावर दुसरा अन्याय आहे.

पुढे रहिवाशांच्या भरपाईसाठी ६२ कोटी ६० लाख डॉलरची तडजोड झाली, सुमारे ११ हजार घरांचे शिशाचे नळ बदलले गेले. फौजदारी खटले टिकले नाहीत. ज्या पाइपलाइनपायी हे सगळे सुरू झाले तिचे पाणी शहराने नेहमीच्या पुरवठ्यासाठी घेतलेच नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये डेट्रॉइटकडच्या व्यवस्थेशी ३० वर्षांचा करार मंजूर झाला, आणि तो मात्र नगरसेवकांच्या मताने.