अबेओकुटा दक्षिण : खडकाच्या आश्रयाला आलेल्या गावांचे शहर

नायजेरियातील ७७४ स्थानिक शासन क्षेत्रांपैकी अबेओकुटा दक्षिण हे एक असून, त्याचे मुख्यालय आके येथे आहे. अबेओकुटा शहराचा उरलेला भाग अबेओकुटा उत्तर या क्षेत्रात मोडतो. ही प्रशासकीय विभागणी अगदी अलीकडची आहे. इथल्या लोकांची खरी ओळख मात्र जी गावे उद्ध्वस्त झाल्यावर त्यांचे पूर्वज येथे आले, त्या गावांशी आजही जोडलेली आहे.

एग्बा हा नैर्ऋत्य नायजेरियातील योरुबा लोकांचा एक गट. ओयो साम्राज्याला खंडणी देणारी त्यांची अनेक लहान गावे जंगलपट्टीत विखुरलेली होती. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात लिसाबी नावाच्या शेतकऱ्याने, आपल्याकडील सावडीसारख्या ‘आरो’ या परस्परांच्या शेतावर राबण्याच्या प्रथेच्या आडून तरुणांचे दल उभारले आणि ओयोच्या प्रतिनिधींना ठार करून एग्बांना मुक्त केले, असे परंपरा सांगते. हे स्वातंत्र्य फार टिकले नाही. १८२०च्या दशकात ओवू हे बलाढ्य योरुबा नगर इफे व इजेबू ही योरुबा राज्ये आणि ओयोकडील निर्वासित योद्ध्यांच्या संयुक्त फौजेपुढे पडले, आणि त्याच फौजेने पुढे एग्बा गावे एकामागून एक उद्ध्वस्त केली. बेघर झालेल्यांपैकी अनेकांनी इबादानमध्ये आसरा घेतला. वास्तविक इबादान हे मूळचे एग्बांपैकी ग्बागुरा शाखेचे गाव, परंतु तेथे आता विजेत्यांचा तळ पडला होता आणि एग्बांना तेथे दुय्यम होऊन राहावे लागत होते.

१८३०मध्ये शोडेके या सेनानीच्या नेतृत्वाखाली ते तेथून निघाले आणि ओगुन नदीच्या पूर्वेला, ओलुमो या प्रचंड खडकाच्या परिसरात वसले. आलेल्या प्रत्येक गावाने आपले जुने नाव, आपले सरदार आणि आपली ओग्बोनी ही ज्येष्ठांची सभा नव्या वस्तीत जशीच्या तशी ठेवली. १८३४च्या सुमारास ओवूचे लोकही येऊन मिळाले. त्यामुळे शहरात आजही चार राजे आहेत, एग्बांच्या तीन शाखांचे तीन आणि ओवूचा एक : एग्बा आकेचा अलाके, ओके-ओनाचा ओशिले, ग्बागुराचा आगुरा आणि ओवूचा ओलोवू. यांत अलाके श्रेष्ठ मानला जातो. पण आपण एका राज्याची प्रजा आहोत यापेक्षा अनेक गावांचा संघ आहोत, ही जाणीव जुनी आणि पक्की आहे, आणि शहराच्या राजकारणातील बऱ्याच कुरबुरींचे मूळही तीत सापडते.

गुलामांच्या जहाजांवरून सोडवून सिएरा लिओनमध्ये उतरवलेले ‘सारो’ लोक १८४०च्या आसपास परतू लागले आणि त्यांच्यामागोमाग मिशनरी आले. १८४६मध्ये येथे आलेले सॅम्युएल अजायी क्राउदर हे स्वतः लहानपणी गुलाम म्हणून विकले गेलेले योरुबा. त्यांची आणि त्यांच्या आईची सुमारे पंचवीस वर्षांनी भेट याच शहरात झाली. १८५१ आणि १८६४मध्ये पश्चिमेकडील दाहोमे राज्याची आक्रमणे तटबंदीवर परतवली गेली. १८५९मध्ये ‘इवे इरोहिन’ हे योरुबा भाषेतील पहिले वृत्तपत्र येथून निघाले.

ब्रिटिशांनी १८९३च्या तहात एग्बांचे स्वातंत्र्य मान्य केले. १९१४मध्ये ते संपवले. १९१८मध्ये करांविरुद्ध ‘आदुबी’ या नावाने ओळखला जाणारा उठाव झाला. पुढे फुन्मिलायो रॅन्सम-कुटी यांच्या नेतृत्वाखाली बाजारात व्यापार करणाऱ्या हजारो स्त्रिया स्त्रियांवरील कराविरुद्ध उभ्या राहिल्या आणि १९४९च्या जानेवारीत हा कर वसूल करणारा अलाके दुसरा अदेमोला याला गादी सोडावी लागली. तो पुढे १९५०मध्ये परतला, हेही नोंदवायला हवे.

१९७६मध्ये ओगुन राज्य स्थापन होऊन अबेओकुटा त्याची राजधानी झाली. या क्षेत्राला सरसकट एग्बांचे म्हणणे मात्र बरोबर नाही. सरकारी वसाहतीसाठी ओळखला जाणारा इबारा हा भाग एग्बांचा नव्हे. तेथील लोकांची परंपरा वेगळी आहे आणि त्यांचा ओलुबारा हा राजा वरील चौघांत मोडत नाही.