प्रश्न घोड्याला, उत्तर माणसाच्या मानेत

१९०४ साली बर्लिनमधला हान्स नावाचा घोडा चांगलाच गाजत होता. दोन आणि तीन किती, असं विचारलं की तो खूर पाच वेळा आपटून थांबायचा. अपूर्णांकांची गणितं सोडवायचा, तारीख-वारही बिनचूक सांगायचा. त्याचे मालक विल्हेल्म फॉन ऑस्टेन हे गणिताचे निवृत्त शिक्षक. खेळ बघायला येणाऱ्यांकडून ते पैसेही घेत नसत. तज्ज्ञांची समिती बसली, तिला कसलीच लबाडी सापडली नाही. मालक जवळ नसताना तिऱ्हाइताने विचारलं, तरी हान्सचं उत्तर बरोबर यायचं.

मग ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने एक साधीच गोष्ट केली. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसेल, अशी व्यवस्था केली. झालं, हान्सचं गणित तिथेच कोलमडलं! झापडं लावून समोरचा माणूस दिसेनासा केला, तरी तेच. प्रश्न विचारून झाला की माणूस खुराकडे बघायला किंचित वाकतो. बरोबर आकडा आला की त्याचा ताण सुटतो आणि डोकं जरासं वर उचललं जातं. हान्स वाकण्यावर सुरू व्हायचा, उचलण्यावर थांबायचा. बिचाऱ्या फॉन ऑस्टेन यांना आपण खूण करतोय याचा पत्ताच नव्हता. पुढे फुंग्स्ट स्वतःच घोडा झाला: लोकांनी मनात आकडा धरायचा आणि याने बोटांनी टकटक करायची. २५ पैकी २३ जणांच्या हालचालींनी त्यांचं गुपित फोडलं.

हान्स मठ्ठ निघाला, असं म्हणून ही गोष्ट संपवतात ते मला पटत नाही. माणसालाही न दिसणारी मानेची हालचाल तो टिपत होता. परीक्षा मात्र गणिताची चालली होती. लॉइड मॉर्गन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञाने १८९४ मध्येच बजावलं होतं, की साध्या मानसिक क्रियेने उलगडा होत असेल तर प्राण्याला वरच्या पायरीची बुद्धी बहाल करू नये.

प्राण्यांच्या बुद्धीच्या अभ्यासातली खरी कसरत ही अशी, साध्या शक्यतांच्या वाटा एकेक करून बुजवण्याची. निकोला क्लेटन आणि अँथनी डिकिन्सन यांचा १९९८ सालचा प्रयोग बघा. स्क्रब-जे हे कावळ्याच्या कुळातले पक्षी खाणं पुरून ठेवतात. त्यांना बर्फाचे खडे करायच्या, पण वाळू भरलेल्या ट्रेमध्ये शेंगदाणे आणि पतंगाच्या अळ्या पुरायला दिल्या. अळ्या त्यांच्या फार आवडीच्या, पण त्या लवकर सडतात. चार तासांनी सोडलं तर पक्षी अळ्यांच्या जागा उकरत. १२४ तासांनी मात्र शेंगदाण्यांकडे वळत. वासाने कळलं असेल? चाचणीआधी खाणं काढून ताजी वाळू भरलेली होती. मग जुन्या आठवणीतली अळ्यांची जागा नुसती पुसट झाली असेल? ज्या पक्ष्यांनी सडलेली अळी कधी पाहिलीच नव्हती, ते १२४ तासांनीही अळ्यांच्याच जागी गेले. काय पुरलं, कुठे पुरलं आणि त्याला किती वेळ झाला, या तिन्ही गोष्टी पक्ष्याच्या डोक्यात एकत्र होत्या, असं म्हणण्यावाचून गत्यंतर राहिलं नाही.

तरी एखादी वाट उघडी राहून जातेच. २००२ मध्ये ऑक्सफर्डच्या प्रयोगशाळेत बेटी नावाच्या न्यू कॅलेडोनियन कावळीने सर्वांना थक्क केलं. नळीच्या तळाशी खाण्याची छोटी बादली होती. जोडीदाराने वाकडी तार पळवली, तेव्हा बेटीने सरळ तारेचं टोक अडकवून ती वाकवली, तिचा हूक केला आणि बादली वर ओढली. न शिकवता! जगभर बातम्या झाल्या. २०१६ मध्ये ख्रिश्चन रुट्झ आणि सहकाऱ्यांना दिसलं, की रानातून पकडून आणलेले याच जातीचे कावळे हूक बनवताना लवचीक काड्या अगदी सवयीने वाकवतात. बेटीही रानातूनच आणलेली होती. तिने तार विचार करून वाकवली, की काडी समजून, हे आता त्या एका प्रयोगावरून सांगता येत नाही.