हौशी बांधणीच्या विमानातील रेडिएटरचे आकारमान

मालकाने स्वतः बांधलेल्या विमानातील द्रवशीत इंजिनासाठी रेडिएटर केवढा असावा, त्यात हवा कुठून घ्यावी आणि कुठून सोडावी, हे ठरवण्याची रीत. अशा विमानांत रोटॅक्स 912 मालिकेची इंजिने फार आढळतात. त्यांतील 80 व 100 अश्वशक्तीच्या इंजिनांत फक्त सिलिंडरची डोकी कूलंटने, म्हणजे इंजिनात फिरणाऱ्या शीतक द्रवाने, थंड होतात, नळकांडी वाऱ्यावर. सुबारू किंवा होंडाच्या मोटारींतून काढून बदल केलेल्या इंजिनांत मात्र नळकांडीही कूलंटवरच अवलंबून असतात. म्हणून दोन्ही इंजिने 100 अश्वशक्तीची असली तरी एकाचा रेडिएटर दुसऱ्याला चालेलच असे नाही.

मोटारीचा रेडिएटर जसाच्या तसा विमानात बसवणे धोक्याचे असते. मोटार पूर्ण ताकद काही सेकंदच वापरते. विमान उड्डाणानंतर कित्येक मिनिटे पूर्ण ताकदीवर चढत राहते आणि नेमका तेव्हाच त्याचा वेग कमी असतो. वेग निम्मा झाला की हवेचा गतिजन्य दाब चौथाई उरतो. ताशी 240 कि.मी. वेगाला तो सुमारे 2,500 पास्कल असेल, तर 120 ला जेमतेम 630. रेडिएटरमधून हवा ढकलायला मुख्यतः एवढाच दाब हाताशी असतो. विमानाच्या प्रोपेलरचा झोत थोडी भर घालतो. त्यामुळे आकारमान काढायचे ते उष्ण दिवशीच्या चढाईसाठी. अमेरिकेच्या लहान विमानांसाठीच्या प्रमाणन नियमांत हा उष्ण दिवस समुद्रसपाटीला 38 अंश सेल्सिअस धरलेला होता. हौशी विमानाला तो नियम बंधनकारक नाही, पण पायाभूत आकडा म्हणून तोच घेणे शहाणपणाचे आहे.

उदाहरणार्थ, मोटारीतून घेतलेले 100 अश्वशक्तीचे, म्हणजे सुमारे 74 किलोवॉटचे इंजिन पूर्ण ताकदीवर 40 किलोवॉट उष्णता कूलंटला देते असे धरू. (इंजिन-उत्पादकाचा आकडा मिळत असेल तर तोच वापरावा.) हवा 38 अंशांवर आत येऊन 73 वर बाहेर पडू दिली, म्हणजे 35 अंशांनी तापू दिली, तर सेकंदाला सुमारे 1.14 किलो हवा लागते. त्या तापमानाला तिचे घनफळ जवळपास 1 घनमीटर भरते. कोअरमधून, म्हणजे रेडिएटरच्या जाळीदार गाभ्यातून, हवेचा वेग सेकंदाला 8 मीटर ठेवायचा तर कोअरचे तोंड 0.125 चौ.मी. हवे, म्हणजे साधारण 35 सेंमी. गुणिले 36 सेंमी. 95 अंशांचे कूलंट त्या हवेला 35 अंश तापवू शकेल का आणि 8 मीटर वेगाला दाब किती खर्ची पडेल, हे त्या कोअरच्या आलेखावरून तपासावे लागते. हा खर्च 630 पास्कलच्या आत, तोही नळमार्गातील (हवा कोअरपर्यंत नेणाऱ्या व बाहेर सोडणाऱ्या बंदिस्त वाटेतील) तोट्याला जागा ठेवून, बसला नाही तर कोअर पातळ आणि रुंद करावा. जाड कोअरच्या मागच्या ओळींना आधीच तापलेली हवा मिळते. त्यामुळे संथ विमानात जाडी वाढवून फारसे काही साधत नाही.

बहुतेक चुका कोअरच्या निवडीत नव्हे, नळमार्गात होतात. वरच्या उदाहरणात ताशी 120 कि.मी.ला, म्हणजे सेकंदाला 33 मीटरला, लागणारी हवा केवळ 0.03 चौ.मी. तोंडातून आत येऊ शकते. हे तोंड कोअरच्या चौथाईइतके झाले. त्या तोंडापासून कोअरपर्यंत मार्ग हळूहळू रुंदावला तर हवा मंदावते आणि तिच्या वेगाचे दाबात रूपांतर होते. एकदम रुंदावला तर प्रवाह भिंतीपासून सुटतो, भोवरे उठतात आणि कोअरचा अर्धा भाग निकामी राहतो. मग बांधणारा आणखी मोठा रेडिएटर आणतो, आणि तोही तापतो. बाहेरची वाटही तितकीच महत्त्वाची. काउलिंगखाली, म्हणजे इंजिनावरच्या आवरणाखाली, दाब साठला असेल तर पुढचे तोंड कितीही मोठे करून उपयोग नाही. चढाईत उघडणारी आणि सपाट उड्डाणात मिटणारी झडप बाहेरच्या तोंडाशी लावणे हा या अडचणीवरचा उत्तम उपाय आहे, कारण चढाईला पुरणारा रेडिएटर सपाट उड्डाणात गरजेपेक्षा जास्त हवा गिळतो आणि रोध वाढवतो.

फार्नबरोच्या रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटमधील एफ. डब्ल्यू. मेरेडिथ यांनी 1935 मध्ये दाखवले की रेडिएटरमध्ये तापलेली हवा निमुळत्या तोंडातून मागे सोडल्यास थोडा रेटा परत मिळतो. दुसऱ्या महायुद्धातील पी-51 मस्टँग या लढाऊ विमानाच्या पोटाखालचा रेडिएटर त्यासाठी प्रसिद्ध आहे. हौशी विमानाने मात्र या रेट्याची आशा धरू नये. ध्वनीच्या निम्म्या वेगाला आदर्श स्थितीत उष्णतेचा सुमारे 5 टक्के भाग कामी येतो, पण ताशी 240 कि.मी.ला एक टक्काही नाही. वरच्या 40 किलोवॉटमधून 300 वॉटदेखील मिळत नाहीत. या वेगाला नीट घडवलेल्या नळमार्गाचा खरा लाभ म्हणजे कमी झालेला रोध, आणि तेवढ्यासाठीही त्याची मेहनत सार्थकी लागते.

कूलंटची बाजू तुलनेने सोपी. निम्मे पाणी व निम्मे ग्लायकॉल असेल आणि रेडिएटरमध्ये 8 अंशांची घट हवी असेल तर मिनिटाला 80 लिटरच्या वर प्रवाह लागतो. कूलंट-मार्गाच्या सर्वांत उंच जागी टाकी हवी, नाहीतर अडकलेली हवा डोक्यांतच राहते. दाबाचे झाकणही चांगले हवे. 3,000 मीटर उंचीवर उघडे पाणी 90 अंशांच्या आसपासच उकळते. माझदाच्या रोटरी इंजिनात उष्णतेचा मोठा वाटा तेलाकडे जात असल्याने तेलाच्या कूलरचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

शेवटची कसोटी उड्डाणातच लागते. पाणी भरलेली यू आकाराची पारदर्शक नळी कोअरच्या पुढच्या व मागच्या बाजूंना जोडली की दाबातील फरक मिलिमीटरमध्ये वाचता येतो; 630 पास्कल म्हणजे 64 मि.मी. पाणी. चढाईत हा फरक नगण्य आढळला तर दोष बहुधा नळमार्गात असतो. फरक भरपूर असूनही कूलंट तापत असेल तर कोअर अपुरा आहे किंवा कूलंट नीट फिरत नाही. तापमानाचे वाचन उष्ण दिवसाला अंशागणिक जुळवून घेतात: 20 अंशांच्या सकाळी चढाईत 98 दाखवणारे कूलंट 38 अंशांच्या दुपारी 116 च्या आसपास जाईल असे धरायचे आणि ते इंजिनाच्या मर्यादेत बसते का ते पाहायचे.