पुण्याच्या बोअरपासून उन्हवऱ्याच्या कुंडापर्यंत

पुण्यात जानेवारीच्या पहाटे बोअरचा पंप सुरू केला की पाणी हाताला कोमट लागतं. खाली गेलं की जमीन दर किलोमीटरला साधारण 25 ते 30 अंशांनी तापत जाते. 100 मीटरच्या बोअरला त्यातले जेमतेम तीन अंश मिळतात; बाहेरची हवा गार असते म्हणून ते जास्त जाणवतं. घाट उतरल्यावर लागणारी कोकणातली गरम पाण्याची कुंडंही याच हिशेबावर चालतात.

गावांची नावंच बोलकी आहेत: पालीजवळचं उन्हेरे, दापोलीकडचं उन्हवरे, राजापूरजवळचं उन्हाळे. ऊन म्हणजे गरम. उन्हवऱ्याचं पाणी 70 अंशांच्या आसपास, संगमेश्वरजवळच्या तुरळचं साठीच्या घरात. ही ऊब दख्खनच्या ज्वालामुखीची, असं अजूनही सर्रास सांगतात. ते चूक आहे. तो लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, केव्हाच निवालेला. पावसाचं पाणी भेगांतून सुमारे 3 किलोमीटर खाली मुरतं, 100 अंशांच्या पुढे तापतं आणि भेग मोकळी असेल तिथे वर येतं. येताना गार पाण्यात मिसळून निवतं.

देशभरच्या गरम झऱ्यांची पहिली मोठी यादी भूवैज्ञानिक थॉमस ओल्डहॅम यांची, 1882 सालची. या झऱ्यांसाठी सरकारी समिती नेमली गेली ती 1966 मध्ये. पुढे 1970च्या दशकात तेल महागलं आणि लडाखच्या पुगा खोऱ्यात ड्रिलिंग झालं. तिथे सुमारे 4400 मीटर उंचीवर पाणी 85 अंशांनाच उकळतं, आणि उथळ बोअरमधूनही वाफ मिळाली. हिमाचलात मणिकर्णला 5 किलोवॅटचा प्रायोगिक वीजसंचही चालवून पाहिला. राष्ट्रीय भूऔष्णिक (जमिनीतल्या उष्णतेबद्दलचं) धोरण मात्र थेट 2025 मध्ये आलं. इतका उशीर व्हायला नको होता. कोकणच्या पाण्यावर वाफेचं टर्बाइन चालणार नाही, पण मासळी आणि फळं सुकवायला 60–70 अंश पुरतात.

खोलवरचं तापमान काढतात ते पाण्यातल्या सिलिकावरून (पाणी जितकं गरम, तितकं हे खनिज खडकातून जास्त विरघळतं), आणि घोळ होतो तो नमुना घेताना. काठावरचं पाणी निवालेलं असतं, म्हणून बाटली आणि थर्मामीटर दोन्ही बुडबुडे येतात त्या तोंडाशीच धरायचं. गार होताना सिलिका साकळते. म्हणून नमुन्याचा एक भाग तिथल्या तिथे दहापट डिस्टिल्ड वॉटरमध्ये पातळ करायचा. कॅल्शियमसाठीच्या बाटलीत नायट्रिक ॲसिडचे थेंब टाकायचे, नाहीतर चुना तळाला बसतो. पावसाळ्यातला नमुना टाळावा: वरचं पाणी मिसळून सिलिका कमी भरते आणि चांगला झरा कागदावर थंड ठरतो.