पीसीबी सॉफ्टवेअर कुठलं शिकू? या प्रश्नाच्या मागची गोष्ट

सांगली-मिरज-कुपवाड पट्ट्यात घरी बसून पीसीबी, म्हणजे पार्ट सोल्डर करायचे सर्किट बोर्ड, बनवणारी पोरं हल्ली बरीच दिसतात. कुणी विहिरीवरच्या मोटरसाठी मोबाईल स्टार्टर करतंय, कुणी तासगावकडच्या द्राक्षबागेत ओलाव्याचा सेन्सर लावतंय, आणि झिरो पीसीबीवर (नुसत्या भोकांची तयार पाटी) वायरींचा गुंता सोडवून सोडवून जीव मेटाकुटीला आला की सगळ्यांचा प्रश्न एकच, बोर्ड डिझाईनसाठी सॉफ्टवेअर कुठलं शिकू? सीनियर दादा ईगल सांगतो, सर ऑर्कॅड सांगतात, यूट्यूबवर ईझीईडीए दिसतं आणि चौथा कुणीतरी कीकॅडचं नाव घेतो. चौघंही आपापल्या काळाचं बरोबरच सांगत असतात. पण कुठलं सॉफ्टवेअर कुणी बनवलं, त्याचा पैसा कुठून येतो आणि ते पुढं कुणाला विकलं गेलं, यावरच ते फुकट का आहे, कुठं अडवतं आणि तुमची फाईल दहा वर्षांनी उघडेल का हे ठरतं, म्हणून मला वाटतं आधी हे माहीत पाहिजे.

कॉम्प्युटर हाताशी यायच्या आधी बोर्ड चक्क चिकटपट्टीनं बनायचे. पारदर्शक पॉलिस्टर फिल्म टेबलावर पसरायची, आयसीच्या पायांसाठी तयार गोल स्टिकर मिळायचे ते लावायचे आणि मधे काळी क्रेप टेप चिकटवून ट्रॅक, म्हणजे पार्ट जोडणाऱ्या तांब्याच्या रेघा, काढायचे, तेही दुप्पट किंवा चौपट मापात, म्हणजे नंतर कॅमेऱ्यानं लहान करताना हाताची बारीक चूक पण तेवढीच लहान होते. एक ट्रॅक हलवायचा म्हटलं तर ब्लेडनं टेप उचला, शेजारचे दोन सरकवा, परत चिकटवा. आपण आज माऊसनं ट्रॅक ढकलतो आणि बाकीचे आपोआप बाजूला होतात ना, ते काम कुणीतरी वर्षानुवर्षं बोटांनी केलेलं आहे.

त्याच काळात अमेरिकेतल्या गर्बर सायंटिफिक कंपनीनं फोटोप्लॉटर बनवला. हे मशीन फिल्मवर प्रकाशानं चित्र काढायचं, वेगवेगळ्या आकाराच्या भोकांची एक चकती असायची आणि त्यातून उजेड पडायचा. त्याला सांगायची भाषा एकदम साधी, एक्स इतकं, वाय इतकं आणि पुढं एक कोड. डी०१ म्हणजे दिवा चालू ठेवून सरक, डी०२ म्हणजे दिवा बंद करून सरक, डी०३ म्हणजे आहेस तिथं एकदा चमकव, की झाला पॅड, म्हणजे पार्टचा पाय सोल्डर करायची जागा. आजची गर्बर फाईल, म्हणजे बोर्ड बनवणाऱ्याला देतो ती, नोटपॅडमध्ये उघडून बघा, हेच कोड दिसतील! ते मशीन केव्हाच गेलं पण भाषा राहिली. जुन्या प्रकारात कुठलं भोक किती मापाचं याची यादी वेगळी द्यावी लागायची आणि ती हरवली की सगळं मुसळ केरात, १९९८ च्या आरएस-२७४एक्स मध्ये ही मापं फाईलच्या आतच आली. आज जगातला जवळजवळ कुठलाही बोर्डवाला गर्बर घेतो, म्हणून सॉफ्टवेअर निवडताना पहिला प्रश्न हाच विचारा की गर्बर बाहेर काढता येते का. एक्सप्रेसपीसीबी सारखी फुकट सॉफ्टवेअरं बोर्ड बनवणाऱ्यांनीच वाटली होती, त्यातलं डिझाईन त्यांच्याकडूनच बनवून घ्यायचं असा हिशोब असायचा.

मग आला पीसीचा जमाना. १९८५ हे वर्ष लक्षात ठेवा, त्याच वर्षी अमेरिकेत ऑर्कॅड आणि ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात निक मार्टिन यांची प्रोटेल, अशा दोन कंपन्या सुरू झाल्या. त्याआधी असलं डिझाईन लाखो रुपयांच्या खास मशीनवर व्हायचं, ते आता साध्या डॉसच्या पीसीवर आलं. प्रोटेलनं आपलं सॉफ्टवेअर १९९१ मध्ये विंडोजवर आणलं, २००१ मध्ये कंपनीचं नाव अल्टियम झालं आणि २०२४ मध्ये ती जपानच्या रेनेसास या चिप कंपनीनं घेतली. ऑर्कॅड १९९९ मध्येच कॅडन्स कंपनीकडे गेलं. ही दोन्ही कंपन्यांसाठी बनलेली, किंमत पण तशीच, त्यामुळे आपल्याकडं प्रोटेल ९९ एसईची क्रॅक सीडी हातोहात फिरायची आणि बऱ्याच जणांनी पहिला ट्रॅक त्यावरच ओढला. नोकरीसाठी अल्टियम यायलाच पाहिजे हे मान्य, पण छंदासाठी त्याच्या मागं लागू नका.

छंदवाल्यांचा खरा जमाना ईगलनं आणला. जर्मनीच्या कॅडसॉफ्टनं १९८८ मध्ये ते काढलं, आणि फुकट आवृत्तीत १०० गुणिले ८० मिलीमीटरचा दोन लेअरचा (दोन्ही बाजूंना तांबं) बोर्ड करता यायचा, जो आपल्यासारख्याला भरपूर झाला. २००५ मध्ये इटलीत आर्डुइनो हा शिकाऊंसाठीचा कंट्रोलर बोर्ड सुरू झाला, त्यांनी बोर्डच्या फाईली ईगलमध्येच खुल्या केल्या, छंदवाल्यांना बोर्ड विकणाऱ्या स्पार्कफन आणि अ‍ॅडाफ्रूटनं पण तेच केलं, मग काय, लायब्ररी (तयार पार्टचा साठा) ईगलची, ट्युटोरियल ईगलचे. सीनियर दादा ईगल का सांगतो ते इथं कळतं. पण २००९ मध्ये कॅडसॉफ्ट पार्ट विकणाऱ्या फार्नेलनं घेतली, २०१६ मध्ये ईगल ऑटोकॅडवाल्या ऑटोडेस्ककडे गेलं आणि २०१७ च्या जानेवारीत एकदाच पैसे भरून घ्यायचं लायसन बंद होऊन महिन्याची-वर्षाची वर्गणी सुरू झाली. वर्षानुवर्षं त्याच्यावर काम केलेली माणसं जाम वैतागली, आणि ते वैतागणं रास्तच होतं, कारण डिझाईन तुमचं आणि ते उघडायची किल्ली दुसऱ्याकडं हे कुणाला चालेल?

याचा फायदा झाला फुकट आणि खुल्या कीकॅडला. फ्रान्समध्ये ग्रनोबलच्या संस्थेत शिकवणाऱ्या जाँ-पिएर शारास यांनी १९९२ मध्ये ते एकट्यानं सुरू केलं होतं आणि बरीच वर्षं ते अवघडच होतं, म्हणजे स्कीमॅटिक (सर्किटचं चित्र) एकीकडं, फूटप्रिंट (पार्टच्या पायांचा बोर्डवरचा आराखडा) जोडायची खिडकी दुसरीकडं, नवीन माणूस पहिल्याच दिवशी पळून जाईल असं. २०१३ पासून सर्न, म्हणजे जिनिव्हाजवळची ती कण-भौतिकीची प्रयोगशाळा, तिथल्या इंजिनिअरांनी यात काम सुरू केलं, कारण आपली हार्डवेअर डिझाईन खुली ठेवायची तर सॉफ्टवेअर पण खुलं पाहिजे असं त्यांचं म्हणणं. ट्रॅक ढकलत नेणारा राऊटर त्यांनीच दिला. २०१८ ला आवृत्ती ५ आली, तिच्यात ईगलचं आख्खं प्रोजेक्ट स्कीमॅटिकसकट उघडता यायला लागलं, आणि २०२१ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ६ पासून ते खरंच सुटसुटीत झालं. बोर्डच्या मापाला, लेअरला, पैसे कमवायला कसलीच अडकाठी नाही. आयआयटी मुंबईच्या फॉसी या खुल्या सॉफ्टवेअरच्या प्रकल्पानं ई-सिम बनवलं त्यात पण कीकॅडच आहे, सर्किट तपासणारं एनजीस्पाइस जोडून, म्हणजे सर्किट चालेल का ते आधीच बघता येतं.

ईझीईडीए चीनमधल्या शेनझेनचं, ब्राऊझरमध्ये चालतं आणि बोर्ड बनवणाऱ्या जेएलसीपीसीबी व पार्ट विकणाऱ्या एलसीएससीशी जोडलेलं आहे. त्यातला पार्ट निवडला की फूटप्रिंट तयार असतं, आणि सुरुवातीला सगळ्यात जास्त वेळ फूटप्रिंटच खातं, त्यामुळे पहिला बोर्ड त्याच्यावर भराभर होतो यात शंका नाही. गर्बर पण निघते. फक्त रेंज नसलेल्या वस्तीवर बसून काम करायचं असेल आणि ब्राऊझरवरच भिस्त असेल तर पंचाईत. फ्रिट्झिंग जर्मनीच्या पॉट्सडॅममध्ये कलाकार-डिझायनर लोकांसाठी बनलं, ब्रेडबोर्डचं (सोल्डर न करता सर्किट जोडायची पाटी) चित्र काढायला झकास, बोर्डसाठी लवकरच अपुरं पडतं.

माझं मत विचाराल तर नवीन माणसानं सरळ कीकॅड घ्यावं, पहिला आठवडा जड जाईल पण पुढं कुणी मधेच किंमत मागणार नाही. पहिला बोर्ड टाकीच्या लेव्हल कंट्रोलरसारखा एका लेअरचा करा, ट्रॅक जाड ठेवा, म्हणजे इस्त्रीनं लेझर प्रिंटचा टोनर तांब्यावर उतरवून, उरलेलं तांबं खाणाऱ्या फेरिक क्लोराईडमध्ये घरीच काढता येईल.

आणि कुणाकडं कॉलेजच्या वेळची ईगलची प्रोजेक्टं पडून असतील तर ती लगेच कीकॅडमध्ये आणून ठेवा. ऑटोडेस्कनं २०२३ मध्येच जाहीर केलंय की ७ जून २०२६ पासून ईगल बंद, पुढं फक्त त्यांचंच फ्यूजन हे सॉफ्टवेअर. कीकॅडच्या फाईल मेनूमध्ये नॉन-कीकॅड प्रोजेक्ट इम्पोर्ट करायचा पर्याय आहे, तिथं ईगलची स्कीमॅटिक फाईल द्यायची, त्याच फोल्डरमध्ये त्याच नावाची बोर्ड फाईल पाहिजे, आणि उघडल्यावर डीआरसी (बोर्डातल्या चुका शोधणारी तपासणी) एकदा चालवून कॉपर पोअर (तांब्यानं भरलेले मोठे भाग) परत भरून घ्यायचे.