पार्श्वभूमी: फोनमधलं मुक्त सॉफ्टवेअर कुणी जगवलं

टेबलावर एक जुना अँड्रॉइड फोन आहे. सेटिंग्जमध्ये ‘बिल्ड नंबर’वर सात वेळा बोट टेकवलं की ‘डेव्हलपर ऑप्शन्स’ उघडतात, आणि त्यात असतं ‘ओईएम अनलॉकिंग’चं बटण. ते चालू करण्याआधी स्वयंसेवक फोनच्या मालकाला पुन्हा एकदा विचारतो, “फोटो, नंबर सगळं काढून घेतलंय ना?” कारण बूटलोडर (फोन सुरू करणारा प्रोग्रॅम) उघडला की फोन कोरा होतो. मग केबल लागते, संगणकावरून एकदोन कमांड जातात, नवी रॉम, म्हणजे फोनची नवी ऑपरेटिंग सिस्टीम, चढते. पहिल्यांदा बूट व्हायला फोन बराच वेळ घेतो. तेवढा वेळ टेबलाभोवती कुणी फारसं बोलत नाही.

हे काम दुकानात का होत नाही आणि सुट्टीच्या दिवशी पदरचा वेळ घालून माणसं ते का करतात, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

२७ सप्टेंबर १९८३ रोजी अमेरिकी प्रोग्रॅमर रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘ग्नू’ या मुक्त ऑपरेटिंग सिस्टीमच्या प्रकल्पाची घोषणा केली. सॉफ्टवेअर हवं तसं चालवता यावं, त्याचा सोर्स कोड (प्रोग्रॅमरने लिहिलेला मूळ मजकूर) वाचता यावा, त्यात बदल करता यावेत आणि मूळ किंवा बदललेली प्रत दुसऱ्याला देता यावी, एवढंच मागणं होतं. १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन उभी राहिली, १९८९ मध्ये हेच हक्क जपणारा जीपीएल परवाना आला, १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांचं लिनक्स कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, आलं. इंग्रजीत ‘मुक्त’ आणि ‘फुकट’ या दोन्हींना एकच शब्द आहे. त्यामुळे तिकडच्या कार्यकर्त्यांचा बराच वेळ खुलासे करण्यात जातो. मराठीत दोन वेगळे शब्द आहेत आणि मला ही मोठी सोय वाटते. मुक्त सॉफ्टवेअर विकत घेतलेलं असू शकतं आणि फुकटचं ॲप पूर्ण बंदिस्त असू शकतं, हे आपल्याला एका वाक्यात सांगता येतं.

नव्वदीच्या दशकात स्वयंसेवकांची पद्धत साधी होती. लिनक्सचे गट ‘इन्स्टॉल फेस्ट’ भरवायचे. लोक संगणक उचलून आणायचे, जाणकार सीडी घालून लिनक्स बसवून द्यायचे. हे जमायचं, कारण घरच्या संगणकावर कुठली ऑपरेटिंग सिस्टीम चालावी हे बनवणाऱ्याने कुलूपबंद केलेलं नव्हतं.

फोनची गोष्ट वेगळी निघाली. पहिलं कुलूप बूटलोडरचं. फोन सुरू होताना हा छोटा प्रोग्रॅम आधी जागा होतो आणि कंपनीची सही नसलेली सिस्टीम चालू देत नाही. दुसरं कुलूप ड्रायव्हर आणि फर्मवेअरचं. कॅमेरा, वायफाय, जीपीएस या भागांना चालवणारा कोड बहुतेक वेळा बंद असतो, आणि तो नसेल तर भाग निर्जीव पडून राहतो. तिसरं कुलूप मोडेमचं. टॉवरशी बोलणारी ही चिप म्हणजे फोनच्या पोटातला दुसरा संगणकच. तिची स्वतःची सिस्टीम असते आणि ती जवळजवळ कायम बंदिस्त असते. पुढे जे काही घडलं ते या तीन कुलपांभोवती.

ती मुळातूनच काढायचा पहिला मोठा प्रयत्न ‘ओपनमोको’चा. त्यांचा ‘निओ १९७३’ हा फोन २००७ मध्ये आला. नावातलं वर्ष मार्टिन कूपर यांनी हातातल्या मोबाइलवरून पहिला कॉल केला ते. पुढच्या वर्षी ‘निओ फ्रीरनर’ आला. त्यांनी फोनच्या आवरणाची डिझाइन फाइलसुद्धा सर्वांसाठी खुली केली होती. फोन मात्र कच्चा होता. फ्रीरनरवर बोलताना पलीकडच्याला घूं-घूं आवाज यायचा, आणि तो घालवायला बोर्डावर डाग देऊन सुटे भाग बदलावे लागायचे. प्रत्येकाला हातात सोल्डरिंग आयर्न धरता येत नाही. म्हणून वापरणारे एकत्र जमून एकमेकांचे फोन दुरुस्त करू लागले. मला तर फोनवरच्या मुक्त सॉफ्टवेअरच्या स्वयंसेवेची सुरुवात या दुरुस्तीच्या बैठकांपासूनच झाली असं वाटतं. व्यासपीठावरून भाषण नाही, समोरच्याच्या फोनमधली खरखर घालवायची. २००९ मध्ये ओपनमोकोने पुढच्या फोनचं काम थांबवलं.

तोवर अँड्रॉइड आलं होतं. नोव्हेंबर २००७ मध्ये गूगलसह ३४ कंपन्यांनी ‘ओपन हँडसेट अलायन्स’ जाहीर केली आणि ऑक्टोबर २००८ मध्ये एचटीसी ड्रीम हा पहिला अँड्रॉइड फोन विक्रीला आला. तळाशी लिनक्स कर्नल, वर अपाची परवान्याखालचा खुला कोड. वरवर पाहता मुक्त सॉफ्टवेअर प्रत्येकाच्या खिशात पोहोचलं. पण नकाशा, ॲपचं दुकान, ईमेल ही गूगलची ॲप बंद होती, ड्रायव्हर बंद होते आणि बहुतेक फोनचे बूटलोडरही बंद होते. आजही कुणी ‘अँड्रॉइड तर मुक्तच आहे ना’ असं विचारलं की इथूनच सांगायला लागतं.

त्याच एचटीसी ड्रीमवर स्टीव्ह कोंडिक यांनी अँड्रॉइडच्या खुल्या कोडवरून ‘सायनोजेनमॉड’ ही रॉम उभी केली. सप्टेंबर २००९ मध्ये गूगलने त्यांना नोटीस पाठवली, कारण त्यांच्या रॉममध्ये गूगलची बंद ॲपही जात होती. ती काढून प्रकल्प पुढे चालला आणि शेकडो प्रकारच्या फोनवर पोहोचला. २०१० च्या मध्यावर ‘रेप्लिकंट’ हा दुसरा रॉम प्रकल्प सुरू झाला. त्यांचा नियम कडक होता: एकही बंद ओळ नको. त्याची किंमतही ते लपवत नसत. कुठल्या फोनवर वायफाय चालणार नाही, कुठे जीपीएस चालणार नाही, याचे तक्ते त्यांनी उघडपणे मांडले. मार्च २०१४ मध्ये त्यांनी दाखवलं की काही सॅमसंग गॅलक्सी फोनमधल्या मोडेमशी बोलणाऱ्या प्रोग्रॅममध्ये मोडेमच्या सांगण्यावरून फोनवरच्या फाइल वाचण्या-लिहिण्याची सोय आहे. हा मागचा दरवाजा आहे हे कंपनीने मान्य केलं नाही. पण बंद कोडच्या आत काय आहे हे कुणीतरी स्वतःहून बसून बघावं लागतं, हे त्यातून स्पष्ट झालं.

२०१० मध्येच कियारन गल्टनिक्स यांनी ‘एफ-ड्रॉइड’ हे मुक्त ॲपचं दुकान सुरू केलं. प्रचाराच्या दृष्टीने मी याला रॉमहून जास्त महत्त्व देतो. रॉम बदलायला धीर लागतो, एफ-ड्रॉइड मात्र आहे त्याच फोनवर बसतं. इथली ॲप मुक्त परवान्याची असतात, सोर्स कोडवरून तयार केली जातात, आणि एखादं ॲप माग काढत असेल किंवा बंद सेवेवर अवलंबून असेल तर त्याच्या पानावर ‘अँटी-फीचर’ म्हणून तसं लिहिलेलं असतं. नव्या माणसाला हे पान दाखवलं की पुढचं बोलणं सोपं होतं. ॲपच्या दुकानाने स्वतःच्याच मालाची खोट सांगितलेली त्याने आधी पाहिलेली नसते.

आयफोनच्या बाजूला वाव कमीच राहिला. जानेवारी २०११ मध्ये व्हीएलसी हा मुक्त व्हिडिओ प्लेअर ॲपलच्या दुकानातून काढला गेला, कारण दुकानाच्या अटी जीपीएलशी जुळत नाहीत अशी तक्रार त्याच्याच एका डेव्हलपरने केली होती. परवाना बदलून तो २०१३ मध्ये परतला.

या विखुरलेल्या कामाला मोहिमेचं रूप २०१२ मध्ये आलं. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन युरोपने ‘फ्री युअर अँड्रॉइड’ नावाने कार्यशाळा आणि माहितीपत्रकं सुरू केली. पुढे त्याच संस्थेने ‘अपसायकलिंग अँड्रॉइड’ हाती घेतलं, आणि इथे प्रचाराचा सूर बदलला. आधी स्वातंत्र्य आणि खासगीपणा यांवर भर होता. आता मुद्दा असा की धडधाकट फोन फक्त अपडेट बंद झाले म्हणून कचऱ्यात जातोय. माझ्या अनुभवात टेबलाशी येणारे दहातले बरेच जण याच कारणासाठी येतात. सोर्स कोड हा शब्दही त्यांनी ऐकलेला नसतो. तो तिथे ऐकतात, आणि काही जण पुढच्या वेळी दुसऱ्याचा फोन घेऊन येतात.

कंपन्यांचा इतिहास याच काळात समांतर चालला होता. नोकियाने मीमो आणि मीगो या लिनक्सवर आधारित सिस्टीम सोडून २०११ मध्ये विंडोज फोन धरला. मोझिलाचं फायरफॉक्स ओएस २०१३ मध्ये फोनवर आलं आणि २०१६ मध्ये थांबलं. सायनोजेनमॉडभोवती उभ्या राहिलेल्या सायनोजेन कंपनीने डिसेंबर २०१६ मध्ये सेवा बंद केल्या. एप्रिल २०१७ मध्ये कॅनॉनिकल कंपनीने उबुंटू टच ही आपली फोनसाठीची लिनक्स सिस्टीम सोडली. यातल्या कुठल्या घटनेनंतर काय उरलं ते पाहण्यासारखं आहे. सायनोजेनमॉडचा कोड घेऊन त्याच डिसेंबरात ‘लिनेजओएस’ उभं राहिलं. उबुंटू टच ‘यूबीपोर्ट्स’च्या स्वयंसेवकांनी उचललं. मे २०१७ मध्ये फोन दहा वर्षं चालावा या उद्देशाने ‘पोस्टमार्केटओएस’ ही लिनक्सवर आधारित सिस्टीम सुरू झाली. कोड खुला होता म्हणून उचलता आला हे खरंच. पण खुला कोड आपोआप चालत नाही. प्रत्येक फोनमागे एक माणूस लागतो, ज्याच्याकडे तोच फोन आहे आणि जो महिन्यामागून महिने रॉम तयार करून तपासतो. तो थकला की त्या फोनचं नाव यादीतून जातं.

अशा सिस्टीमचे फोन दुकानात तयार का मिळत नाहीत, याचं थोडं उत्तर युरोपीय आयोगाच्या जुलै २०१८ च्या निकालात आहे. गूगलची ॲप हवी असतील तर उत्पादकाला अँड्रॉइडच्या मान्यता नसलेल्या आवृत्तीचा एकही फोन विकता येत नव्हता. या आणि इतर अटींसाठी आयोगाने ४.३४ अब्ज युरो दंड केला, तो २०२२ मध्ये न्यायालयाने ४.१२५ अब्जांवर आणला.

टेबलावरच्या अडचणी याहून लहान, पण जास्त त्रासाच्या. एकदा एक बाई फोन घेऊन आल्या, रॉम बसणाऱ्या फोनांच्या आमच्या यादीत नाव अगदी तेच. मॉडेल नंबरातलं शेवटचं अक्षर मात्र वेगळं, म्हणजे चिप वेगळी. कंपनीने एकाच नावाने दोन वेगळे फोन विकले होते. रॉम बसणार नव्हती. त्यांना तसंच परत पाठवायला नको म्हणून एफ-ड्रॉइड टाकून दिलं, नकाशाचं ऑफलाइन ॲप दाखवलं. तेव्हापासून मी आधी अक्षर वाचतो, मग आश्वासन देतो. दुसरी अडचण वाढत चालली आहे: बूटलोडर उघडा दिसला किंवा सिस्टीम गूगलच्या तपासणीत बसली नाही तर बँकांची काही ॲप चालायला नकार देतात. हे आधीच सांगावं लागतं.

ऑगस्ट २०२५ मध्ये गूगलने जाहीर केलं की गूगलप्रमाणित अँड्रॉइड फोनवर ओळख नोंदवलेल्या डेव्हलपरांचीच ॲप बसतील, आणि सुरुवात २०२६ मध्ये काही देशांपासून होईल. असं झालं तर आपला प्रकल्प टिकणार नाही, असं एफ-ड्रॉइडने पुढच्याच महिन्यात म्हटलं. विरोधानंतर अनुभवी वापरकर्त्यांसाठी वेगळी वाट ठेवू, असं गूगलने सांगितलं. त्याच वर्षी ऑक्टोबरात फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने ‘लिब्रेफोन’ची घोषणा केली. लिनेजओएसमध्ये अजून वापरावे लागणारे बंद तुकडे तपासायचे आणि ते सर्वांत कमी असलेला फोन शोधून त्यांची जागा मुक्त कोडने भरायची, असं ते काम आहे. रेप्लिकंटच्या तक्त्यांमधले ‘चालत नाही’चे रकाने पुन्हा उघडले आहेत.