उपाशी बॅटरी आणि म्हातारी बॅटरी

नाशिकला मावसबहिणीच्या घरी लग्न होतं. चार दिवस गाडी सोसायटीच्या आवारात उभी होती. पाचव्या दिवशी, डिसेंबरातल्या पहाटे सहाला, पुण्याला निघायचं म्हणून किल्ली फिरवली तर बोनेटखालून नुसतं टक-टक-टक-टक. डॅशबोर्डवरचे दिवे लागत होते, हॉर्न वाजत होता, पण सेल्फ काही उचलेना. विम्यासोबत रोडसाइड असिस्टन्स घेतलं होतं, तिथे फोन केला. तासाभरात मोटरसायकलवर एक मुलगा आला. त्याने आधी टेस्टर लावला. व्होल्टेज ११.९, आणि खाली सूचना: चार्ज करून पुन्हा तपासा. मग सॅकमधून बूस्टर काढून चिमटे लावले आणि पहिल्या झटक्यात गाडी सुरू झाली. मुलगा म्हणाला, “ताई, बॅटरी गेलीय. नवीन टाकून घ्या, लगेच मागवतो.”

‘गेली’ या एका शब्दात दोन अगदी वेगळ्या अवस्था लपतात. बॅटरी उपाशी असते किंवा म्हातारी झालेली असते. उपाशी असेल तर पोटभर चार्जिंग मिळालं की उठते. म्हातारी असेल तर कितीही चार्ज करा, दोन दिवसांनी पुन्हा बसते. थंडीत, घरी पोचायची घाई असताना हा फरक कोणी विचारत नाही, आणि धडधाकट बॅटरी भंगारात जाते. उलटही होतं. संपत आलेली बॅटरी जंप स्टार्टवर, म्हणजे बाहेरून वीज जोडून, चार-पाच वेळा ढकलली जाते आणि शेवटी घाटात दगा देते.

निदानाचा बराचसा भाग त्या टक-टक आवाजातच आहे. सेल्फच्या मोटरवर सॉलेनॉइड नावाची विद्युतचुंबकी कळ असते. किल्ली फिरवली की ती आत ओढली जाते, तांब्याचे जाड संपर्क जुळतात आणि मोटर थेट बॅटरीला जोडली जाते. छोट्या पेट्रोल गाडीची मोटरसुद्धा त्या क्षणी शंभर-दीडशे अँपिअर मागते, डिझेलची त्याहून बरीच जास्त. बॅटरीला तेवढं देववत नाही, व्होल्टेज कोसळतं आणि सॉलेनॉइडची पकड सुटते. मोटर तुटली की भार जातो, व्होल्टेज पुन्हा चढतं, सॉलेनॉइड पुन्हा ओढला जातो. सेकंदाला कित्येकदा हे चक्र फिरतं, तीच ती टक-टक. म्हणजे सॉलेनॉइड ठीक आहे, किल्लीपासूनची वायर ठीक आहे, दम कमी पडतोय तो बॅटरीत किंवा तिच्या जोडणीत.

मग दिवे कसे लागतात? दोन हेडलाइटच्या साध्या बल्बना मिळून दहा-एक अँपिअर पुरतात. बॅटरीच्या आत स्वतःचा एक रोध असतो. निरोगी बॅटरीत तो ५ मिलिओहमच्या आसपास धरू. दीडशे अँपिअर काढले तर पाऊण व्होल्ट आतल्या आत खर्च होतो, बाकीचा मोटरला मिळतो. हाच रोध २५ मिलिओहम झाला तर पावणेचार व्होल्ट आतच जिरतात आणि १२.६ चे ८.८५ उरतात. दहा अँपिअरच्या दिव्यांना मात्र पाव व्होल्टचाच फटका बसतो, डोळ्यांना तो कळतही नाही. टाकी भरलेली असली तरी नळ गंजून बारीक झाला की बादली भरत नाही, तसंच हे. असाच रोध टर्मिनलवर साचलेल्या पांढऱ्या-हिरव्या क्षारांमुळेही तयार होतो. त्यामुळे पैसे काढण्याआधी खायचा सोडा घातलेल्या कोमट पाण्याने टर्मिनल धुऊन, कोरडी करून, घट्ट आवळून पाहावीत. वर पेट्रोलियम जेलीचा हात फिरवला तर क्षार लवकर परत येत नाहीत.

ही बॅटरी मोटारीपेक्षा जुनी आहे. गॅस्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिशाचे पत्रे गंधकाम्लात बुडवून ती बनवली. १९१२ मध्ये कॅडिलॅक गाड्यांना चार्ल्स केटरिंगचा विजेवरचा सेल्फ बसला, आणि हँडल फिरवून मनगट मोडून घ्यायचे दिवस सरू लागले. आज बोनेटखाली जी पेटी आहे तिच्यात प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्टच्या सहा कप्प्यांची माळ असते. प्रत्येक कप्प्यात एक पाटी शिशाची, दुसरी लेड डायऑक्साइडची. वीज देताना दोन्ही पाट्यांवर लेड सल्फेट बसतं आणि आम्ल पातळ होत होत पाण्याकडे झुकतं. म्हणूनच जुने बॅटरीवाले हायड्रोमीटरने आम्लाची घनता बघून पोटात किती उरलंय ते सांगायचे. पूर्ण भरलेली असेल तर १.२६ ते १.२८.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. शिशाच्या अणुकेंद्रात ८२ प्रोटॉन असतात. त्यांच्या ओढीमुळे सर्वांत आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे ६० टक्के वेगाने फिरतात, आणि आइनस्टाइनचा सापेक्षता सिद्धान्त तिथे दुर्लक्षून चालत नाही. फिनलंडचे रसायनशास्त्रज्ञ पेक्का प्युक्को आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये गणित मांडून दाखवलं की प्रत्येक कप्प्याच्या २.१ व्होल्टपैकी १.७ ते १.८ व्होल्ट या सापेक्षतावादी परिणामामुळे मिळतात. तो परिणाम नसता तर बारा व्होल्टच्या बॅटरीतून जेमतेम दोन-अडीच व्होल्ट निघाले असते. रोज सकाळी किल्ली फिरवताना आपण आइनस्टाइनच्या भरवशावर असतो, हे मला दर वेळी थक्क करतं.

आता उपासाकडे येऊ. नुकतंच बसलेलं लेड सल्फेट पिठीसाखरेसारखं बारीक असतं, चार्जिंग सुरू झालं की सहज विरघळतं. पण बॅटरी उतरलेल्या अवस्थेत आठवडेच्या आठवडे पडून राहिली तर बारीक कण विरघळून मोठ्या स्फटिकांवर जमत जातात. पाक दोरा टाकून ठेवून दिला की खडीसाखर धरते, तसंच. ही खडीसाखर चार्जिंगने सहज विरघळत नाही, पाटीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. २०२० च्या टाळेबंदीत आमच्या इमारतीत हे सरळ दिसलं. मार्चच्या शेवटी लावलेल्या गाड्या जूनमध्ये काढायला गेलो तर तळमजल्यावर जिकडेतिकडे टक-टक. ज्यांनी आठवड्यातून एकदा गाडी काढून चांगली चालवली होती, त्यांच्या बॅटऱ्या पुढेही टिकल्या.

उभी गाडीसुद्धा थोडं खातेच. घड्याळ, अलार्म, किल्लीचा संदेश ऐकणारा भाग मिळून ५० मिलिअँपिअरच्या आत राहिले तर ठीक. ४५ अँपिअर-तासाची भरलेली बॅटरी त्यावर दोन-तीन आठवडे तग धरते. माझ्या गाडीत मात्र डॅशकॅम किल्ली काढल्यावरही चालू राहणाऱ्या लाइनवर जोडलेला होता. तो २५० मिलिअँपिअर ओढतो, चार दिवसांत २४ अँपिअर-तास. शिवाय बॅटरी मुळात भरलेली नव्हतीच. ऑफिसला जायचे तीन किलोमीटर, यायचे तीन. एका सेल्फला फार वीज लागते हा समज चुकीचा आहे. दीडशे अँपिअर दोन सेकंद म्हणजे अँपिअर-तासाचा बारावा भाग. अडचण वेगळीच आहे. बॅटरी भरत आली की ती प्रवाह कमी कमी स्वीकारते, शेवटच्या वीस टक्क्यांना तास लागतात, आणि दहा मिनिटांच्या फेरीत ते कधीच मिळत नाहीत.

म्हातारपण याहून वेगळं, आणि आपल्याकडे ते आणते मुख्यतः उष्णता. युरोपात बॅटरीचं नाव थंडीशी जोडलेलं आहे. तिथेही बॅटरीचं दुखणं काही किरकोळ बाब नाही. जर्मनीतली एडीएसी ही वाहनचालकांची संघटना दरवर्षी बंद पडलेल्या गाड्यांची मोजदाद करते, त्यात अलीकडे चाळीस टक्क्यांहून जास्त वेळा दोष बारा व्होल्टच्या बॅटरीचा निघतो, विजेवरच्या गाड्यांतही तीच पहिली. थंडीत बॅटरीची ताकद घटते आणि इंजिनचं तेल घट्ट होतं, त्यामुळे दुखणं उघड होतं. पण झीज होते ती उन्हाळ्यात. तापमान दहा अंशांनी चढलं की रासायनिक क्रियांचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. नागपूर-चंद्रपूरला बाहेर ४५ अंश असताना बोनेटखाली काय असेल, याचा विचार करा. धन पाटीची जाळी गंजत जाते, तिच्यावरचा लगदा सुटून तळाशी गाळ होतो, पाणी उडून जातं. यातलं काहीच चार्जरने परत येत नाही.

तर उपाशी की म्हातारी, हे ओळखायचं कसं? पूर्ण चार्ज करून, काही तास विश्रांती देऊन. घरात तीन-चारशे रुपयांचा मल्टिमीटर असला तरी पुरतं. १२.६ च्या वर असेल तर पोट भरलेलं, १२.२ म्हणजे निम्मं. मग दुसऱ्या कोणाला सेल्फ मारायला सांगून आकडा पाहायचा. भरल्या पोटीही तो ९.६ च्या खाली जात असेल तर वय झालं. भरलेली बॅटरी तारा सुट्या करून ठेवूनही एका रात्रीत उतरत असेल, तरी तेच. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. तिथे साडेबाराच दिसले तर दोष इंजिनच्या जोरावर बॅटरी चार्ज करणाऱ्या अल्टरनेटरच्या बाजूचा आहे, आणि नवी कोरी बॅटरीही उद्या रस्त्यात बसेल. हातातला टेस्टर बारीकसा संकेत पाठवून आतला रोध मोजतो. उपकरण चांगलं आहे, पण उतरलेल्या बॅटरीवरचं त्याचं उत्तर भरवशाचं नसतं, म्हणून तर तो ‘चार्ज करून पुन्हा तपासा’ म्हणत होता. मी टेस्टरचं ऐकलं. पुण्यात गॅरेजमध्ये बॅटरी रात्रभर हळू चार्जिंगला लावली, डॅशकॅम किल्लीसोबत बंद होणाऱ्या लाइनवर घेतला. त्यानंतर ती सतरा महिने निमूट चालली.

पुढच्याच्या पुढच्या मे महिन्यात, घराखालीच, पुन्हा तीच टक-टक. या वेळी आकडा होता १०.५. आदल्या दिवशी गाडी दोन तास चालली होती, तरीही. सहाऐवजी पाचच कप्पे काम करत असले की बरोबर एवढंच उरतं. म्हणजे एक कप्पा आतून शॉर्ट झालेला. जंप स्टार्ट करायचंच नाही असं ठरवून मी असिस्टन्सवाल्यांकडून बॅटरी मागवली. अशा कव्हरमध्ये बहुधा माणूस येणं, जंप स्टार्ट आणि ठरावीक अंतरापर्यंत टो करणं धरलेलं असतं, सुट्या भागाची किंमत नाही. बॅटरीचे पैसे आपलेच, हे आधी वाचलेलं असलं की तिथे वाद होत नाही. पॉलिसीत वर्षाला किती वेळा बोलावता येतं तेही लिहिलेलं असतं.

आलेल्या मुलाने खोका उघडल्यावर मी पहिल्यांदा उत्पादनाचा महिना पाहिला. दुकानात वर्षभर पडलेली बॅटरी विकत घेतानाच थोडी म्हातारी असते. मग अँपिअर-तास, आकार, धन टर्मिनल कोणत्या बाजूला. माझ्या गाडीत सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं, अशा गाडीला ईएफबी किंवा एजीएम जातीचीच बॅटरी लागते. साधी स्वस्त पडते, पण दिवसाला तीस-चाळीस वेळा सेल्फ मारून लवकर थकते. वॉरंटी कार्डावर त्याच्याकडून तारीख आणि शिक्का घेतला. वॉरंटीचे पहिले महिने मोफत बदलीचे आणि नंतरचे वापराच्या प्रमाणात सूट देणारे असतात, हेही त्याने न विचारता समजावलं. काढताना त्याने काळी तार आधी सोडली, बसवताना ती शेवटी जोडली. पाना चुकून गाडीच्या लोखंडाला टेकला तर ठिणगी पडू नये म्हणून. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत तो चार टक्के असला तरी पेटतो. जंप स्टार्टमध्ये काळा चिमटा शेवटी, बॅटरीपासून दूर, इंजिनच्या उघड्या धातूला लावतात तो याच कारणाने.

जुन्या बॅटरीचे पैसे बिलातून वजा झाले. तिच्या वजनात निम्म्याहून अधिक शिसं असतं आणि ते वितळवून पुन्हा नव्या पाट्या होतात. पण मोकळ्या जागी, भट्टीवर वितळवलं तर तेच शिसं आसपासच्या मुलांच्या रक्तात जातं. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्यांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, म्हणून बिलावर ‘जुनी परत घेतली’ असं लिहून घेतलं. मुलाने ती मोटरसायकलच्या कॅरिअरवर उभीच बांधली, आडवी नाही. आम्ल सांडू नये म्हणून दोन वेळा दोरी ओढून पाहिली आणि मगच निघाला.